कडू तितके गुणकारी?

काकडी-भोपळ्याच्या कुळातला कडूपणा आपल्याकडे एकाच स्वयंपाकघरात निरनिराळ्या न्यायांनी तोलला जातो. कारले कडू निघाले म्हणून कोणी भाजीवाल्याशी भांडत नाही. ते कडूच असायचे. काकडी कडू लागली तर देठाकडचे टोक कापून, घासून, फेस काढून ती खाण्याजोगी करण्याची खटपट होते. दुधीची भाजी कडू झाली तर पहिल्याच घासाला ताट बाजूला सरते. मात्र तोच दुधी सकाळी रिकाम्या पोटी रसाच्या रूपाने पेल्यात आला, की कडूपणाचा अर्थ पालटतो. औषध आहे, कडू लागणारच, असे म्हणत माणूस नाक दाबून पेला रिकामा करतो. या समजुतीपायी माणसे दगावली आहेत. या कुळातल्या कडू द्रव्यांबद्दल गेल्या सत्तर वर्षांत वनस्पतिशास्त्र, कीटकशास्त्र, जनुकशास्त्र आणि वैद्यक यांनी जे शोधून काढले ते एकत्र मांडले, तर एक गोष्ट ठळक होते. कडूपणा हा गुणाचा पुरावा नाही आणि प्रत्येक वेळी विषाचाही नाही. कोणत्या वेलीचा, कोणत्या द्रव्याचा, आणि मुख्य म्हणजे अपेक्षित की अनपेक्षित, हे पाहिल्याशिवाय त्याला काहीच अर्थ लावता येत नाही. ‘कडू ते गुणकारी’ हे सूत्र मात्र या कुळापुरते तरी टाकून द्यायला हवे.

आधी द्रव्ये पाहू. या कडू पदार्थांना कुकुर्बिटासिन म्हणतात. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत एन्स्लिन, रेहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुळातल्या जाती एकामागून एक तपासून ही द्रव्ये वेगळी केली. त्यांना रोमन अक्षरांनुसार ए, बी, सी अशी नावे पडली आणि ती यादी पुढे टी पर्यंत गेली. रासायनिकदृष्ट्या ही ट्रायटर्पीन वर्गातली, चार कड्यांच्या सांगाड्याची संयुगे आहेत. आपल्या यकृतात कोलेस्टेरॉल ज्या स्क्वालीनपासून बनते, त्याच स्क्वालीनपासून वेलही सुरुवात करतो. एक विकर त्याची घडी वेगळ्या रीतीने घालते, कुकुर्बिटाडायेनॉल तयार होते, आणि मग त्यावर ठिकठिकाणी ऑक्सिजनचे अणू चढवले जातात. काकडीत मुख्यतः कुकुर्बिटासिन सी असते, खरबुजाच्या वर्गात बी, कलिंगडात आणि त्याच्या रानटी भावकीतल्या इंद्रावणात ई. कारल्याचा कडूपणा मात्र या यादीतल्या बी किंवा ई चा नव्हे. तो मोमॉर्डिकोसाइड आणि तत्सम ग्लायकोसाइडांचा आहे. सांगाडा त्याच घराण्यातला, पण त्यावरचे अणू वेगळे आणि जोडीला साखरेचे रेणू. दुधीवरून कारल्याबद्दल आणि कारल्यावरून दुधीबद्दल निष्कर्ष काढणे किती धोक्याचे, ते या एका तपशिलावरून समजावे. त्याहून मोठा पुरावा दक्षिण चीनमधल्या लुओ हान गुओ या वेलीचा. तीही याच कुळातली, तिच्या फळातली मोग्रोसाइडे याच सांगाड्यावर उभी. कोवळे फळ कडू असते, पण पिकताना सांगाड्याला साखरेचे आणखी रेणू जोडले जातात आणि अखेरीस हाती येते ते साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड द्रव्य. ते आज साखरेला पर्याय म्हणून डबाबंद विकले जाते. एकच सांगाडा जिभेवर कडू जहर आणि मिठास दोन्ही होऊ शकत असेल, तर शरीरातल्या परिणामांबाबत ‘एका कुळातले, म्हणून एकसारखे’ असे म्हणणे कितपत टिकणार?

वेल हे द्रव्य आपल्यासाठी बनवत नाही, हेही औषधाच्या उत्साहात विसरले जाते. ते शत्रूंसाठी आहे. कुकुर्बिटासिन बी आणि डी कीटकांच्या कात टाकण्याच्या संप्रेरकाला, एक्डायसोनला, त्याच्या ग्राहकापाशी अडवतात असे प्रयोगशाळेत दिसले आहे. शिवाय बहुतेक किड्यांना ती चवच नकोशी असते. १९७१ साली डा कोस्टा आणि जोन्स यांनी काकडीवर केलेला प्रयोग आजही वाचण्यासारखा आहे. एका जनुकाच्या फरकाने कडू आणि बिनकडू झालेल्या काकडीच्या रोपांची त्यांनी तुलना केली. कडू रोपांवर लाल कोळी फारसा वाढत नव्हता, बिनकडू रोपांवर मात्र तो माजत होता. भुंगेऱ्यांच्या बाबतीत नेमके उलट घडले. कडू रोपे भुंगेऱ्यांनी फस्त केली आणि बिनकडू वाचली. कारण डायब्रोटिका वर्गातल्या अमेरिकी भुंगेऱ्यांनी हे विष पचवायला शिकून घेतले आहे. इतकेच नव्हे, तर कुकुर्बिटासिनच्या अगदी सूक्ष्म मात्रेनेही ते जागीच खिळून अधाशासारखे खाऊ लागतात, ते द्रव्य अंगात साठवतात आणि त्यामुळे स्वतःच भक्षकांना कडू लागतात. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९८० मध्ये हा सगळा व्यवहार मांडला. गंमत अशी, की या वर्गातल्या काही जातींच्या अळ्या मक्याच्या मुळांवर जगतात आणि मक्यात कुकुर्बिटासिन नसतेच. तरीही प्रौढ भुंगेऱ्यांचे वेड सुटलेले नाही. आपल्याकडे वेलवर्गीय पिकांची रोपे दोन पानांवर असतानाच चाळण करून टाकणारा लाल भुंगेराही याच द्रव्याने खाण्याला प्रवृत्त होतो.

एपिलॅक्ना जातीच्या भुंगेऱ्याचा मार्ग निराळा. तो आधी पानावर गोल चर कापतो आणि मग आतल्या तुकड्यावर ताव मारतो. जखमेकडे धावून येणारे कडू द्रव्य तोडण्यासाठी तो हे करतो, असे १९८० साली सुचवले गेले. नंतरच्या काही संशोधकांनी कडूपणापेक्षा चिकट रस टाळणे हे कारण अधिक पटण्यासारखे मानले. वाद कोणत्याही बाजूने सुटो, एक गोष्ट त्यातून बाहेर येते: एकच रेणू एका किड्याला विष आहे, दुसऱ्याला निमंत्रण आहे, तिसऱ्याला अडथळा. ‘याचा परिणाम काय?’ हा प्रश्न ‘कोणावर?’ हे विचारल्याशिवाय अपुरा राहतो.

सस्तन प्राण्यांचेही तसेच. उत्तर अमेरिकेतल्या रानभोपळ्यांची कडू फळे आज कोणी खात नाही, तरी त्यांच्या बिया फ्लोरिडात सापडलेल्या मॅस्टोडॉनच्या, म्हणजे लोप पावलेल्या हत्तीसदृश प्राण्याच्या, शेणात मिळाल्या आहेत. २०१५ मध्ये किस्लर आणि सहकाऱ्यांनी सस्तन प्राण्यांची जनुके ताडून दाखवले, की लहान प्राण्यांकडे कडू चव ओळखणाऱ्या ग्राहकांची जनुके जास्त असतात आणि महाकाय प्राण्यांकडे कमी. बी कुरतडून नष्ट करणाऱ्या उंदरांना पळवायचे आणि बी अख्खे गिळून दूर टाकणाऱ्या मोठ्या प्राण्याला अडवायचे नाही, असा हा बेत असावा. ते महाकाय प्राणी नाहीसे झाल्यावर रानभोपळे मागे हटत गेले, आणि माणसाने हाताशी धरलेले तेवढे पसरले, असा त्यांचा तर्क आहे. मला तो पटतो, पण तो तर्कच आहे. गतकाळातल्या चवीचा थेट पुरावा कोण आणणार? माणसाची जागा मात्र या चित्रात स्पष्ट आहे. कुकुर्बिटासिन बी आपल्या जिभेवरच्या कडू चवीच्या किमान दोन ग्राहकांना चेतवते, तेही अत्यल्प प्रमाणात. आपली जीभ या द्रव्याबाबत मॅस्टोडॉनपेक्षा उंदराच्या जवळची आहे, आणि ते आपले भाग्य आहे.

मग माणसाने हा कडूपणा काढला कसा? काही ठिकाणी काढलाच नाही. दुधी भोपळा मूळचा आफ्रिकेचा. जगभर तो आधी पसरला तो भांडे म्हणून, तुंबा म्हणून, वाद्य म्हणून. त्या कामाला गर कडू असणे आड येत नाही. मिरजेचे तानपुरे आणि सतारी ज्या भोपळ्यांवर उभ्या राहतात ते पंढरपूरच्या आसपासच्या शेतांतून येतात, आणि ते खाण्याचे नसतात, कडू असतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या कडू वाणालाही अप्रत्यक्ष मान मिळाला म्हणायचा. काकडीचे वेगळे. हिमालयाच्या पायथ्याशी उगवणाऱ्या तिच्या रानटी पूर्वजाची फळे कडूच असतात. २०१४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी काकडीतल्या कडूपणाची सगळी साखळी उलगडली: कुकुर्बिटासिन सी बनवण्यात नऊ जनुके गुंतलेली आहेत, आणि त्यांची कळ दाबणारे दोन नियंत्रक आहेत, एक पानातला आणि एक फळातला. लागवडीच्या काळात माणसाने नकळत फळातल्या नियंत्रकाचा मंद प्रकार निवडला. पानातला तसाच राहू दिला. दोनच वर्षांनी खरबूज आणि कलिंगडातही अशाच समांतर जनुकांची मांडणी आढळली. म्हणजे गोड काकडीच्या वेलातही कडूपणाचा सगळा कारखाना शाबूत आहे, फक्त फळातली कळ सहसा दाबली जात नाही. थंडीचा तडाखा किंवा पाण्याचा ताण पडला तर ती दाबली जाऊ शकते. म्हणून एकाच वेलाची एक काकडी गोड आणि दुसरी देठाकडे कडू निघते. टोक घासून फेस काढल्याने उरलेल्या काकडीतले द्रव्य ओढून निघत नाही. फायदा होतो तो टोक आणि साल काढून टाकल्याचा, कारण द्रव्य तिथेच जास्त असते.

दुधी, दोडका, झुकिनी यांच्यात धोका आणखी एका वाटेने येतो. शेजारी कडू वाण किंवा शोभेचा भोपळा लावलेला असला, तर मधमाश्या दोन्हींचे परागकण एकमेकांत मिसळतात. त्या वर्षीच्या फळाच्या गरावर याचा परिणाम होत नाही, कारण गर आईचा असतो. पण त्या फळाचे बी राखून पुढल्या वर्षी लावले, की कडूपणाचे प्रभावी जनुक डोके वर काढते. पीक नेहमीसारखे दिसते, फळ नेहमीसारखे दिसते, आणि चव मात्र पूर्वजांची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत बाजारातल्या झुकिनीमुळे विषबाधा झाल्या. २०१५ साली जर्मनीत घरच्या बागेतल्या कडू झुकिनीचे कालवण खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले. त्यांच्या पत्नीने ते कमी खाल्ले, त्या वाचल्या. फ्रान्सच्या विषबाधा केंद्रांनी २०१२ ते २०१६ या पाच वर्षांतल्या कडू भोपळ्यांच्या ३५३ रुग्णांची नोंद छापली आहे. २०१८ मध्ये तिथल्याच दोन स्त्रियांची हकिकत त्वचारोगाच्या नियतकालिकात आली. कडू भोपळ्याच्या जेवणानंतर आधी उलट्या आणि काही दिवसांनी डोक्याचे केस गळणे. जर्मनी आणि फ्रान्समधली ही अन्ने शिजवलेली होती, हे नीट लक्षात घ्यायला हवे. शिजवल्याने कडूपणा मरतो ही समजूत त्यामुळे निकालात निघते. कारले तुपात तळले आणि साखरेत घोळले तरी कडूच, असे आपली म्हण सांगते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती अगदी बरोबर आहे.

भारतात मुख्य प्रश्न रसाचा. २०१० साली दिल्लीत दुधीचा रस प्यायल्यानंतर झालेल्या एका मृत्यूने खळबळ उडाली आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांचा गट नेमला. त्याचा अहवाल २०१२ च्या सुरुवातीला परिषदेच्याच नियतकालिकात छापून आला. २०१८ साली पुण्यातही असाच मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या. या रुग्णांचे चित्र एकसारखे असते: प्यायल्यानंतर थोड्याच वेळात पोटात कळा, उलट्या, जुलाब, पुष्कळदा उलटीतून रक्त, आणि घसरत जाणारा रक्तदाब. दुर्बिणीतून पाहिले तर जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे अस्तर सोलल्यासारखे दिसते. उतारा नाही. शिरेतून द्रव देणे, रक्तदाब सावरणे, आम्ल कमी करणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. बहुतेक जण बरे होतात, काही होत नाहीत. परिषदेच्या गटाने सांगितलेला उपाय साधा होता: रस काढण्याआधी दुधीचा लहान तुकडा चाखून पाहा, कडू असेल तर सगळा टाकून द्या, त्यात दुसरे रस मिसळू नका, आणि त्रास झाला तर वेळ न दवडता रुग्णालय गाठा.

यावर पहिला आक्षेप येतो तो संख्येचा. लाखो लोक रोज दुधीचा रस पितात, त्यांतले काही मोजकेच दगावतात. एवढ्यावरून बोभाटा कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे. बहुतांश दुधी कडू नसतात आणि बिनकडू दुधीचा रस कोणाला मारत नाही. पण म्हणूनच सरासरी इथे निरुपयोगी ठरते. धोका सगळ्या दुधींत थोडा थोडा वाटलेला नाही, तो एखाद्याच फळात एकवटलेला आहे आणि ते फळ बाहेरून ओळखू येत नाही. ओळखण्याचे एकमेव साधन जीभ, आणि ते साधन चांगले आहे. भाजीच्या रूपात ते आपले काम करते, कारण भाजी घासाघासाने खाल्ली जाते आणि कडू घासाला कोणी दाद देत नाही. रस एका दमात पोटात जातो, अख्ख्या फळाचे द्रव्य एका पेल्यात असते, आणि आवळा, आले, लिंबू, मध घालून चव झाकलेली असते. त्यावर ‘औषध कडूच असते’ हे वाक्य जिभेचा उरलासुरला विरोधही मोडून काढते.

दुसरा आक्षेप परंपरेचा. आयुर्वेदात कडू दुधी, कडू दोडका, इंद्रावण ही द्रव्ये हजारो वर्षे वापरात आहेत, मग ती घातक कशी? या प्रश्नाचे उत्तर परंपरेनेच दिलेले आहे, फक्त ते वाचले जात नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वमनासाठी सहा द्रव्यांचे सहा अध्याय आहेत: मदन, जीमूतक, इक्ष्वाकु, धामार्गव, वत्सक आणि कृतवेधन. यांतली चार या एकाच कुळातली आहेत. इक्ष्वाकु म्हणजे कडू दुधी, जीमूतक म्हणजे देवडांगरी, धामार्गव आणि कृतवेधन म्हणजे घोसाळ्या-दोडक्याच्या जाती. ओकारी घडवून आणण्यासाठी, वैद्याच्या देखरेखीखाली, रोग्याची पूर्वतयारी करून, मोजून द्यायची ही द्रव्ये. चरकाने ज्याला वांतीचे औषध म्हटले त्याचा पेला रोज सकाळी टवटवी येण्यासाठी पिणे, याला परंपरेचा आधार म्हणता येत नाही. भूमध्य समुद्राच्या परिसरातही हाच अनुभव नोंदलेला आहे. बायबलच्या जुन्या करारात रानवेलाची फळे पडलेले कालवण खाणाऱ्यांनी पातेल्यात मृत्यू असल्याचा आकांत केल्याची कथा येते, आणि ती फळे इंद्रावणाची असावीत असे अभ्यासक मानतात. ग्रीकांपासून पुढे युरोपात वापरल्या गेलेल्या, ‘फुटकी काकडी’ म्हटल्या जाणाऱ्या याच कुळातल्या रानवेलीच्या फळाचा रस जालीम रेचक म्हणून प्रसिद्ध होता. तुर्कस्तानात तो आजही सायनसच्या त्रासासाठी नाकात घातला जातो आणि घसा-पडजीभ सुजून श्वास अडकल्याच्या नोंदी तिथल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. आपल्याकडे काविळीवर देवडांगरीचा रस नाकात टाकणारे आहेत. त्यांनी या नोंदी वाचाव्यात. जुन्या जाणकारांना हे द्रव्य किती तीव्र आहे ते पक्के ठाऊक होते. विसरलो ते आपण.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. कुकुर्बिटासिनांवर कर्करोगविरोधी म्हणून संशोधन चालू आहे, ते काय उगाच? उगाच नाही. १९६१ साली इस्रायलमधल्या लावी आणि सहकाऱ्यांनी उंदरांतल्या गाठींवर या द्रव्यांचा परिणाम दाखवला. २००३ मध्ये अमेरिकेत कुकुर्बिटासिन आय हे स्टॅट-३ या संदेशवाहक प्रथिनाला रोखते असे निघाले. अनेक कर्करोगांत हे प्रथिन अखंड चालू राहिलेले असते, त्यामुळे या शोधाचा गाजावाजा झाला. कुकुर्बिटासिन ई पेशीच्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिनच्या तंतूंना चिकटते, ते सुटू देत नाही, आणि पेशीचे विभाजन आणि हालचाल दोन्ही खोळंबतात. हे सगळे खरे आहे. पण अ‍ॅक्टिन काही फक्त गाठीत नसते. आतड्याच्या अस्तरातल्या, केसांच्या मुळातल्या, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशीही त्याच तंतूंवर उभ्या आहेत, आणि सतत विभागणाऱ्या पेशींना तडाखा आधी बसतो. म्हणजे कर्करोगाच्या पेशीला मारणारा गुणधर्म आणि कडू दुधीच्या पेल्याने जठर सोलणारा गुणधर्म या दोन गोष्टी नाहीत. प्राण्यांत किलोमागे काही मिलिग्रॅम एवढी मात्राही जीवघेणी ठरते; गुणकारी मात्रा आणि मारक मात्रा यांच्यातले अंतर फार थोडे आहे. चीनमध्ये कुकुर्बिटासिनच्या गोळ्या यकृताच्या विकारांत पूरक म्हणून दिल्या जातात, तरी साठ वर्षांच्या संशोधनानंतरही हे द्रव्य जगभरात कर्करोगाचे प्रस्थापित औषध झालेले नाही, यामागे हेच प्रमुख कारण आहे. रेणूला थोडा बदलून, गाठीपुरता पोचवून उपयोग होईलही, आणि त्यासाठीचे प्रयत्न योग्यच आहेत. परंतु काचेच्या बशीतल्या पेशी मेल्या म्हणून फळाचा रस प्यावा, हा तर्क चालवला तर ब्लीचिंग पावडरही औषध ठरेल.

आता कारले. त्याला या पंगतीत विषारी म्हणून बसवणे अन्यायाचे होईल. त्याचा कडूपणा पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखलेला, माहीत असलेला, ताटातल्या मात्रेत निरुपद्रवी आहे. प्रश्न आहे तो मधुमेहाचा. इथे पुरावा पूर्ण रिकामा नाही. १९८१ मध्ये जयपूरच्या पुष्पा खन्ना आणि सहकाऱ्यांनी कारल्यातून इन्सुलिनसारखे काम करणारे पॉलिपेप्टाइड वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. २००८ मध्ये चिनी आणि ऑस्ट्रेलियन संशोधकांनी कारल्यातली काही कडू ग्लायकोसाइडे पेशींमध्ये साखर ओढून घेणारी यंत्रणा चालू करतात असे दाखवले. म्हणजे निदान इथे तरी कडूपणाचा आणि गुणाचा थेट संबंध जोडता येतो. पण माणसांवरच्या चाचण्यांत हे चित्र पुसट होते. २०११ च्या थायलंडमधल्या चाचणीत दिवसाला २,००० मिलिग्रॅम कारल्याच्या पावडरीने साखरेचे एक मोजमाप थोडे खाली आले, मात्र १,००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनपेक्षा कमी. २०१२ मध्ये कॉक्रेनच्या आढाव्यात चार चाचण्या आणि ४७९ रुग्ण जमेस धरले गेले, कोणतीच चाचणी तीन महिन्यांपेक्षा लांब नव्हती, आणि टाइप-२ मधुमेहासाठी कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष निघाला. परिणाम नाही असे सिद्ध झाले, असा याचा अर्थ नाही. ताटातले कारले चांगलेच आहे, ते खावे. पण त्याच्या भरवशावर गोळी सोडणारा रुग्ण पुराव्याच्या पुढे धावतो आहे. जो गोळी घेतो आणि वर कारल्याचा रसही पितो, त्याने साखर एकदम उतरण्याचा धोका ध्यानात ठेवायला हवा. बियांत व्हायसिन असते, त्यामुळे जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कारल्याच्या अर्कांपासून लांब राहणे शहाणपणाचे. परिणाम असेलच तर तो मोजून, मात्रेनिशी सांगता आला पाहिजे. ‘जितके कडू तितके चांगले’ असे म्हणून मात्रा ठरत नसते.

राहता राहिला शेतीचा भाग, आणि तो मला सर्वांत आशादायक वाटतो. कडूपणा मुळासकट काढून टाकलेली काकडी कोळ्याला बळी पडते आणि मग तो कडूपणा फवारणीच्या रूपाने विकत आणावा लागतो. त्यापेक्षा पान कडू आणि फळ गोड, ही निवड पैदासकारांना आता जनुकांच्या नकाशामुळे जाणूनबुजून करता येते; पूर्वजांनी ती नकळत केली होती. अमेरिकेत भुंगेऱ्यांच्या कडूपणाच्या वेडाचा उपयोग करून रानभोपळ्याच्या मुळांच्या पुडीत थोडे कीटकनाशक मिसळून आमिषे बनवली गेली, त्यामुळे शेतभर फवारण्याच्या विषाची मात्रा बरीच उतरवता येते. लाल भुंगेऱ्यासाठी आपल्या कृषी विद्यापीठांनी हा मार्ग जोरकसपणे तपासायला हवा. कच्च्या मालाला इंद्रावण आपल्या कोरडवाहू भागात उगवतेच आहे. आणि गच्चीवर, परसात वेल लावणाऱ्यांना एक विनंती: बियाणे खात्रीच्या ठिकाणाहून घ्या, शोभेच्या किंवा रानटी भोपळ्याजवळ वाढलेल्या फळाचे बी राखू नका, आपोआप उगवलेल्या दुधी-दोडक्याचे पहिले फळ चाखल्याशिवाय शिजवू नका, आणि ज्या वेलाचे एक फळ कडू निघाले तो वेल उपटून टाका, त्याचे बी कोणाला देऊ नका.